शेवटचे चार किलो: चरबी उतरवायची, स्नायू राखायचे

पहिले आठ-दहा किलो कसेही उतरतात. चहातली साखर तोडली, रात्रीचा दुसरा भात सोडला, संध्याकाळी चालायला लागलं की काटा खाली येतो. अडतं ते शेवटच्या तीन-चार किलोंपाशी. बेंबीखालची वळी आणि कमरेचा टायर तसाच राहतो. माणूस वैतागतो, जेवण आणखी कमी करतो, ट्रेडमिलवर तासभर धावतो आणि जिममध्ये 'आता कटिंग' (चरबी छाटायचा काळ) म्हणून हलके डंबेल घेऊन वीस-वीस रेप्स मारतो, म्हणजे तीच हालचाल सलग वीस वेळा. दोन महिन्यांनी वजन खरंच कमी झालेलं असतं. गाल बसलेले, दंड सुकलेले, आणि वळी तिथेच. मीही पहिल्या खेपेला हेच केलं होतं. आठ आठवड्यांत पाच किलो उतरले आणि बेंच प्रेस (बाकावर पडून छातीवरून वर ढकलायचं वजन) ६० किलोवरून ४५ वर आला. भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "बरं नव्हतं का?"

यात मेहनत कमी पडत नाही, क्रम चुकतो. लोक जेवण कापण्यापासून सुरुवात करतात. खरं तर जेवण कापणं ही चौथी-पाचवी पायरी आहे. अंगावर चरबी कमी उरली आणि खाणं एकदम तुटलं की शरीर स्नायूही मोडून वापरू लागतं. स्नायूंची गरज आहे हे त्याला रोज दाखवून द्यावं लागतं, आणि त्यांच्यासाठी लागणारा माल पानातून मिळावा लागतो. हे दोन्ही आधी बसवायचं, काप नंतर.

वेळ किती लागेल, ते आधीच मान्य करा. पहिले दोन आठवडे मोजमाप, पुढचे दोन प्रोटीन आणि व्यायाम बसवायला, मग सुमारे बारा-तेरा आठवडे काप आणि शेवटी तीन-चार आठवडे परत वर यायला. एकूण पाच महिने. 'लग्न महिन्यावर आलंय' असं असेल तर शर्ट एक माप मोठा शिवा आणि लग्नानंतर सुरू करा.

## टप्पा १: आधी बघा, हे तुमचंच काम आहे का

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के. आपल्याकडची पुष्कळ माणसं याज्ञिकांच्या बाजूची असतात: हातपाय बारीक, पोट पुढे. काट्यावरचा आकडा एकटा का पुरत नाही, ते या एका फोटोत दिसतं.

म्हणून टेप घ्या. बेंबीच्या रेषेत, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. मग आपली उंची बघा.

कंबर उंचीच्या निम्म्याहून बरीच जास्त असेल (उंची १७० सेंटिमीटर आणि कंबर ९६, असं) तर तुम्ही अजून शेवटच्या चार किलोंवर आलेला नाही. इथे सांगितलेला वेग तुमच्यासाठी विनाकारण मंद आहे.

कंबर निम्म्याच्या आसपास आहे, वर्षभर तरी नियमित वजनं उचलली आहेत, आणि कपडे काढल्यावर खांदे-पाठीचा आकार थोडाफार दिसतो, तर पुढे वाचा. हा लेख तुमच्यासाठी आहे.

तिसरा गट सर्वांत फसतो. वजन आधीच कमी, दंड काडीसारखे आणि तरी पोट. अशांनी काप करूच नये. टप्पा ३ आणि ४ एवढेच करावेत, पोटभर जेवून, पाच-सहा महिने. पोट आपोआप आत जायला लागतं, कारण नव्याने वजनं उचलणाऱ्याचे स्नायू वाढतात आणि चरबी घटते, दोन्ही एकाच वेळी.

> थांबा: गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं आणि खाण्याच्या विकारातून गेलेली माणसं यांनी हे करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा किडनीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. जेवण बदललं की डोसही बदलावा लागू शकतो, आणि किडनीच्या रुग्णाने प्रोटीन स्वतःच्या मनाने वाढवायचं नसतं.

## टप्पा २: चौदा दिवस काहीही बदलू नका, फक्त मोजा

हाच टप्पा सगळे गाळतात.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी-चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा आणि लिहा. एका दिवसाच्या आकड्याला किंमत नाही. रविवारी मिसळ खाल्ली, रात्री लोणचं-पापड झाला, की सोमवारी काटा किलोभर वर दाखवतो. ते मिठाने धरलेलं पाणी असतं. स्नायूंमध्ये साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणीही साठतं, त्यामुळे एक दिवस भात जास्त झाला तरी वजन चढतं. म्हणून सात दिवसांची सरासरी काढा, पहिल्या आठवड्याची एक आणि दुसऱ्याची एक. कंबर आठवड्यातून एकदाच मोजा, ठरलेल्या वारी.

सोबत जेवण लिहायचं. स्वयंपाकघरासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. डाळ, तांदूळ, कणीक, सोयाबीन हे सगळं कच्चं मोजा. शिजलेल्या भातात पाणी किती, हे कुकर आणि तांदूळ ठरवतात. कच्च्या १०० ग्रॅम तांदळाच्या साधारण ३५० कॅलरी मात्र सगळीकडे तेवढ्याच.

आणि तेल. चौघांच्या घरात भाजीत पडलेलं तेल आपल्या पानात किती आलं, हे कोणीच सांगू शकत नाही. त्याला सोपी युक्ती आहे. एक लिटरची पिशवी फोडाल त्या दिवशी कालनिर्णयावर खूण करा, संपेल तेव्हा दुसरी. एका पिशवीत सुमारे ९१० ग्रॅम तेल असतं आणि ग्रॅमला ९ कॅलरी. चार माणसांत पिशवी आठ दिवसांत संपत असेल, तर माणशी रोज २८ ग्रॅम, म्हणजे अडीचशे कॅलरी. ताटात ना पोळी वाढली, ना भात! बारा दिवस पुरली तर तोच आकडा १७० वर येतो.

चौदा दिवसांनी दोन सरासऱ्या जवळजवळ सारख्या असतील, तर तुम्ही रोज जेवढं खाल्लं ती तुमची खरी गरज. सत्तर किलोच्या, नोकरी करून जिमला जाणाऱ्या माणसाची ती बहुधा २१०० ते २३०० कॅलरींच्या मध्ये येते. पुढच्या हिशेबासाठी २२०० धरू.

> तपासा: लिहिलेला आकडा १५०० येतो आणि वजन मात्र हलत नाही? तुमचं शरीर जगावेगळं नाही, काहीतरी लिहायचं राहतंय. ऑफिसातला तीन वेळचा चहा (कपाला दोन चमचे साखर म्हणजे रोज १२० कॅलरी), मुलाने टाकलेला अर्धा पराठा, भाजीवरचं शेंगदाण्याचं कूट, येता-जाता तोंडात टाकलेलं फरसाण.

## टप्पा ३: प्रोटीन बसवा, एकूण जेवण तेवढंच ठेवून

लक्ष्य: दर किलो वजनामागे १.६ ते २.२ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाला ११२ ते १५४ ग्रॅम. मांसाहारी माणसाने दोन ग्रॅमच्या आसपास जावं. शाकाहारी माणसाने १.६ घट्ट धरून ठेवावं आणि त्याच्या वर जाण्यासाठी जिवाचा आटापिटा करू नये, कारण डाळी-पनीरातून तिथे पोहोचेपर्यंत कॅलरींचा हिशेब कोलमडतो.

"आम्ही रोज वरण खातो की" हे उत्तर ठरलेलं. घरच्या पातळ वरणाच्या वाटीत कच्ची डाळ असते पंचवीसेक ग्रॅम, प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. वरण चांगलंच आहे, पण ११२ ग्रॅमच्या हिशेबात ते तोंडी लावण्यापुरतं. शेंगदाणे आणि पनीर यांनाही लोक प्रोटीन समजतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण कॅलरी साडेपाचशेच्या वर. पनीरच्या शंभर ग्रॅमला प्रोटीन अठरा आणि कॅलरी तीनशेच्या जवळ. दोन्ही खा, पण चरबी म्हणून मोजा.

खरी मदत यांची होते (सगळं कच्च्या वजनावर, साधारण आकडे):

- सोया चंक्स: ५० ग्रॅमला २६ ग्रॅम प्रोटीन, १७० कॅलरी
- कोंबडीचं ब्रेस्ट: १५० ग्रॅमला ३४ ग्रॅम
- बांगडा, कोळंबी: १०० ग्रॅमला १९-२० ग्रॅम
- अंडं: एकाला ६ ग्रॅम
- मटकी, मूग, चवळी: ४० ग्रॅमला ९ ग्रॅम
- फुटाणे: ३० ग्रॅमला ६ ग्रॅम
- व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर): एका स्कूपला साधारण २४ ग्रॅम, १२० कॅलरी

शाकाहारी माणसाचा एक अख्खा दिवस मांडून दाखवतो, कारण 'शक्यच नाही' म्हणणारे याच गटात जास्त. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी, एक चमचा तेलावर, आणि अर्धी वाटी दही. दुपारी तीस-तीस ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या, ५० ग्रॅम सोया चंक्सचा रस्सा, एक पालेभाजी, पेलाभर ताक. पाच वाजता व्हेचा एक स्कूप पाण्यात आणि मूठभर फुटाणे. रात्री ज्वारीची एक भाकरी, मटकीची उसळ, ५० ग्रॅम पनीर, काकडीची कोशिंबीर. दिवसभरात बिनसाखरेचा दोन कप चहा. दोन्ही जेवणांत मिळून चार चमचे तेल धरलं तर हे सगळं १८०० कॅलरींच्या आसपास बसतं आणि प्रोटीन ११२ ग्रॅम होतं. एका फळाला जागाही उरते. हे पान कापाच्या काळातलं आहे. आत्ता, या टप्प्यात, यावर आणखी दोन पोळ्या आणि वाटीभर भात घेऊन २२०० वर राहा.

व्हे नको असेल तर सोया वाढवा किंवा दूध-दह्यावर भर द्या. जमतं, फक्त जास्त काटेकोर राहावं लागतं. दिवसातून दोनदाच जेवणारे पुष्कळ वाचक आहेत. त्यांनाही हे करता येईल, कारण वेळेपेक्षा दिवसाची बेरीज महत्त्वाची. पण एका बैठकीत ५५ ग्रॅम प्रोटीन, तेही डाळी-सोयातून, म्हणजे पोट फुगणं आलंच. या पाच महिन्यांपुरतं तरी तिसरं खाणं ठेवा असं माझं मत आहे.

उपासाचं काय? चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. महिन्यात चार-सहा दिवस उपास असेल तर तो हिशेबात आलाच पाहिजे. साबुदाण्याच्या खिचडीची एक भरलेली प्लेट कूट-तुपासकट सहाशे कॅलरींवर जाते आणि प्रोटीन देते आठ-नऊ ग्रॅम, तेही शेंगदाण्यांचं. म्हणजे 'काही खाल्लं नाही' म्हणता म्हणता दिवसाची एक तृतीयांश भर झाली आणि स्नायूंच्या वाट्याला काही आलं नाही. उपास मोडायला मी सांगत नाही. त्या दिवशी दही, दूध, पनीर, राजगिरा यांवर भर द्या, भगर खाल्ली तर दाण्याच्या आमटीत कूट मोजून घाला, आणि जड व्यायामाचा दिवस उपासाला ठेवू नका.

> सावधान: प्रोटीन एकदम दुप्पट केलं की गॅस आणि बद्धकोष्ठ ठरलेलं. दर तीन दिवसांनी १५-२० ग्रॅमने वाढवा. कडधान्यं भिजवून, मोड आणून खा. पाणी आणि पालेभाजी वाढवा.

## टप्पा ४: जड वजनांचं वेळापत्रक, वहीसकट

जेवणाबरोबर याच दोन आठवड्यांत हेही बसवायचं. आठवड्यातून तीन किंवा चार दिवस, दर वेळी ५० ते ६० मिनिटं. प्रत्येक मोठ्या स्नायूला आठवड्याला दहाच्या आसपास खरे सेट मिळाले पाहिजेत, दोन दिवसांत विभागून. न थांबता सलग काढलेल्या रेप्स म्हणजे एक सेट. खरा सेट म्हणजे ज्याच्या शेवटी आणखी दोनच रेप्स निघाल्या असत्या. गप्पा मारत पंधरा मारले आणि आणखी दहा मारता आले असते, तो सेट धरू नका.

व्यायाम साधेच: स्क्वॉट किंवा लेग प्रेस, डेडलिफ्टचा कुठलाही प्रकार, बेंच प्रेस, खांद्यांचा प्रेस, लॅट पुलडाउन किंवा पुल-अप, रोइंग. पाच ते बारा रेप्समध्ये राहा. दंडाचे दोन-चार सेट हौसेखातर घाला, कोण अडवतंय.

जिम नसेल तर जोर आणि बैठका आहेतच. मात्र दोनशे बैठका म्हणजे दमसास वाढवणं झालं. स्नायू राखायचे तर पाठीवर पुस्तकांनी भरलेली सॅक घ्या, एका पायाच्या बैठका करा, जोर काढताना पाय खुर्चीवर ठेवा. थोडक्यात, बारा-पंधरालाच घाम फुटेल इतकं अवघड करा.

वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, रेप्स. पुढच्या तीन महिन्यांत काटा किती खोटं बोलतोय हे ही वही सांगेल. काप सुरू होण्याआधीच्या दिवशी प्रत्येक व्यायामाचं जे वजन आणि ज्या रेप्स असतील, त्यांना लाल गोल करा. कापाच्या शेवटच्या दिवशी ते आकडे जसेच्या तसे, किंवा एखाद्-दुसरी रेप कमी, असे असले पाहिजेत.

सर्वांत महागात पडणारी चूक 'कटिंगला हलकं वजन, जास्त रेप्स' ही. हलक्या रेप्सने पोटावरची चरबी वितळत नाही, आणि जड ओझं उचलायची गरज संपली की शरीर ते स्नायू सांभाळायचं कारणही सोडून देतं. कापाच्या काळात दमायला झालं तर सेट कमी करा, हवं तर एक तृतीयांशाने. बारवरचं वजन कमी करू नका.

> तपासा, पुढे जाण्याआधी: सलग दहा दिवस प्रोटीन गाठलं का? एकही ठरलेला व्यायाम चुकला नाही ना? दोन्हींची उत्तरं 'हो' नसतील तर काप सुरू करू नका. आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## टप्पा ५: आता काप

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी. चार किलोंच्या झाल्या ३०,८००. रोज ३५० कमी खाल्ल्या तर ८८ दिवस, म्हणजे साडेबारा आठवडे. आठवड्याला तीनशे ग्रॅमच्या आसपास उतरेल. 'एवढंच?' हो, एवढंच. नॉर्वेतल्या खेळाडूंवर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्याला वजनाच्या ०.७ टक्के उतरवणारे आणि १.४ टक्के उतरवणारे असे दोन गट होते, दोघेही वजनं उचलत होते. सावकाश उतरवणाऱ्यांचे स्नायू चक्क वाढले, घाई करणाऱ्यांचे नाही. सत्तर किलोला ०.७ टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. ती वरची मर्यादा समजा.

तर २२०० वजा ३५०, १८५०. हे ३५० कुठून काढायचे, त्यालाही क्रम आहे:

१. तेल. दिवसाला दहा ग्रॅम कमी केलं की ९० कॅलरी गेल्या आणि पोटाला पत्ताही लागला नाही. पळीने ओतणं बंद, मापाचा चमचा डब्यातच ठेवा. फोडणी कढईऐवजी छोट्या कढल्यात करा, कमी तेलात मोहरी नीट तडतडते. पोळीला वरून तेल-तूप लावणं या तीन महिन्यांपुरतं बंद.

२. पिण्यातल्या कॅलरी. चहाची साखर, पॅकबंद रस, कोल्ड्रिंक. दारू घेत असाल तर ६० मिलीच्या पेगला साधारण १४० कॅलरी निव्वळ अल्कोहोलच्या, आणि चकण्याचा हिशेब वेगळा. शुक्रवारी तीन पेग, खारे दाणे आणि वर बिर्याणी, एवढ्यात आठवड्याच्या कापातला मोठा भाग भरून निघतो.

३. कूट, खोबरं, फरसाण. टेबलस्पूनभर कुटाच्या साठेक कॅलरी. भाजीत, कोशिंबिरीत, आमटीत असं तीन वेळा पडतं.

४. पोळी-भात. सर्वांत शेवटी, आणि तोडायचं नाही, कमी करायचं. व्यायामाच्या दिवशी भात खा, सुट्टीच्या दिवशी अर्धा करा. भात सगळाच तोडलेल्या माणसाला स्क्वॉट रॅकखाली उभं राहिल्यावर त्याची किंमत कळते.

प्रोटीनला हात लावायचा नाही. जेवण कमी करताना आधी उसळ आणि अंडी कमी होतात, आणि पोळ्या तेवढ्याच राहतात. ताट वाढताना उलट करा. आधी प्रोटीन, मग भाजी-कोशिंबीर, उरलेल्या जागेत पोळी.

> सावधान: सुरुवातीची तारीख कॅलेंडर बघून ठरवा. गणपती-गौरीपासून दिवाळीच्या फराळापर्यंतच्या काळात काप सुरू करणं म्हणजे स्वतःशीच भांडण. मधेच सण आला तर तेवढे दिवस २२०० वर राहा, घरच्या मोदकांचा मान ठेवा आणि दुसऱ्या दिवसापासून १८५० वर या. 'काल जास्त झालं म्हणून आज उपाशी' हे करू नका. त्यातूनच परवाचं जास्त होतं.

गोळ्या-पावडरींबद्दल थोडक्यात. क्रिएटिन (जिममधले लोक ताकदीसाठी घेतात ती पावडर) रोज ३ ते ५ ग्रॅम घ्यायला हरकत नाही, व्यायामाला मदत होते. मात्र त्याने अंगात पाणी धरून किलोभर वजन चढू शकतं, म्हणून ते टप्पा ४ मध्येच सुरू करा; कापाच्या मध्यावर सुरू केलं तर काट्याचा अर्थ लागणार नाही. 'फॅट बर्नर'च्या नावाखाली कोणी थायरॉइडच्या गोळ्या, क्लेनब्युटेरॉल किंवा डायनायट्रोफेनॉल देऊ केलं तर तिथून निघून या. पहिलं स्नायू खातं, दुसरं हृदयाला त्रास देतं, तिसऱ्याने माणसं मेली आहेत. घामाचे पट्टे आणि प्लॅस्टिकची जॅकेटं फक्त पाणी काढतात. दोन ग्लास पाणी प्यायलं की ते परत.

## टप्पा ६: चालणं आणि झोप

कमी खाल्लं की माणूस नकळत कमी हलतो. लिफ्ट घेतो, सोफ्यावर लवंडतो, उठायचं काम मुलाला सांगतो. कापाच्या बऱ्याच कॅलरी अशाच गळू शकतात. म्हणून मोजमापाच्या दोन आठवड्यांत रोज सरासरी जेवढी पावलं होती, तेवढी पुढेही राहिली पाहिजेत. आठ हजार असतील तर उत्तम. जेवणानंतर शतपावली, ऑफिसला एक स्टॉप आधी उतरणं, यात भागतं. धावण्याचा तास वेगळा लावू नका. तो पायांच्या व्यायामातून ताकद खातो आणि भूक वाढवतो. उपाशीपोटी चालल्याने जास्त चरबी जाते हाही समजच, दिवसाची बेरीज तीच राहते.

झोप सात-आठ तास. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दहाच माणसांवर एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. जेवण तेच, झोपायला एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनातली चरबी निम्म्याहून कमी झाली, बाकीचं स्नायू वगैरेंचं. माणसं थोडी, पण मला स्वतःला यापेक्षा वेगळा अनुभव नाही. रात्रपाळी असणाऱ्यांनी काप ३५० ऐवजी २०० ची ठेवावी आणि वेळ वाढवून घ्यावी.

## टप्पा ७: दर रविवारचा हिशेब

तीन आकडे समोर ठेवा: आठवड्याची वजनाची सरासरी, कंबर, आणि वहीतले लाल गोल. दोन आठवडे होईपर्यंत काहीही बदलायचं नाही. मग:

वजन उतरतंय, कंबर उतरतेय, ताकद तशीच. हात लावू नका. कंटाळा आला तरी नाही.

वजन थांबलंय, पण कंबर उतरतेय. चरबी जातेच आहे. पाणी किंवा थोडा स्नायू तिची जागा घेतोय. लोक नेमकं इथे घाबरून जेवण तोडतात. तोडू नका.

तीन आठवडे वजनही थांबलं, कंबरही. आधी तीन दिवस पुन्हा सगळं ग्रॅममध्ये मोजा. दहापैकी आठ वेळा तेल नाहीतर कूट परत वाढलेलं सापडतं. हिशेब खरंच चोख असेल तर १०० कॅलरी आणखी काढा किंवा दोन हजार पावलं वाढवा. दोन्ही एकदम नको.

वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरतंय आणि वहीतले आकडे पडतायत. आनंदाची गोष्ट नाही, स्नायू जातोय. उद्यापासून दीड-दोनशे कॅलरी वाढवा, भात-पोळीच्या रूपात, व्यायामाच्या आधीच्या जेवणात.

पाळी येणाऱ्या बायकांनी या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करू नये. पाळीच्या आधी एक-दीड किलो पाणी सहज धरलं जातं. मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करा, म्हणजे खरं चित्र दिसेल. जिममधल्या चरबीची टक्केवारी छापून देणाऱ्या यंत्रावर विसंबू नका. त्यातून जाणारी वीज शरीरातल्या पाण्यावर अवलंबून असते. सकाळी एक आकडा, जेवणानंतर दुसरा.

सहा आठवडे झाले की एक आठवडा पूर्ण २२०० वर जा. डोक्याला आराम मिळतो, सांधे शांत होतात. काटा या आठवड्यात थोडा चढेल, ती चरबी नाही.

आणि बेंबीखालची वळी? पुरुषांत ती, बायकांत मांड्या-नितंब, सहसा सर्वांत शेवटी जातात. क्रंचेस मारून तिथलीच चरबी काढता येत नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत चेहरा आणि हात बारीक होतील, वळी तशीच वाटेल. बरेच जण इथेच सोडतात.

## टप्पा ८: थांबायचं कधी, परत यायचं कसं

चार किलो झाले, थांबा. बारा-तेरा आठवडे झाले आणि तीनच झाले, तरीही थांबा. याआधीही थांबायचं, जर: पाळी चुकली, सलग दोन आठवडे झोप उडाली, सतत थंडी वाजते, लाल गोलांतले आकडे दहा टक्क्यांहून जास्त पडले आणि जेवण वाढवूनही सावरले नाहीत, दिवसभर डोक्यात फक्त जेवणच फिरतंय. पाळी चुकली किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांकडे जा.

थांबणं म्हणजे त्या रात्री पाणीपुरी आणि पावभाजी नव्हे. दर आठवड्याला १०० ते १५० कॅलरी वाढवत तीन-चार आठवड्यांत गरजेवर या. नवी गरज २२०० पेक्षा थोडी कमी असेल, कारण तुम्ही चार किलोंनी हलके झालात. २१०० च्या आसपास धरा आणि काट्याला विचारा. पहिली भर पोळी-भाताची असू द्या. पहिल्या पंधरवड्यात वजन किलो-सव्वा किलो चढेल. स्नायूंत साखर आणि पाणी परत भरतंय, कंबर तशीच राहील. इथे घाबरून पुन्हा काप सुरू करणारे लोक वर्षभर त्याच दोन किलोंत खाली-वर करत राहतात.

पुढचे तीन महिने तरी नवी काप नको. सकाळचं वजन रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे. तेलाच्या पिशवीवरची खूण मात्र चालू ठेवा, आणि वहीत नवे लाल गोल करा. आता पोटभर जेवून ते आकडे वर न्यायचे आहेत.